भेटी पुरे, पेट्या सांगा

हापूसचा हंगाम संपला की वेबसाइट सांभाळणारा माणूस बागायतदाराला अहवाल पाठवतो. भेटी वाढल्या, पानं जास्त पाहिली गेली, आलेख वर चढला. पेट्या किती गेल्या, हा रकाना मात्र त्यात नसतो. असा अहवाल आला तर परत पाठवा आणि त्याचे पैसेही देऊ नका.

गुगल ॲनालिटिक्स २००५ पासून फुकट मिळतं. पण नेमकं काय मोजायचं हे सांगितलं नाही, तर ते आल्यागेल्याची मोजदाद करत बसतं. ऑर्डर पूर्ण होणं, व्हॉट्सॲपचं बटण दाबलं जाणं, फोन नंबरवर टॅप होणं ही आपली लक्ष्यं आहेत, अशी खूण तिथे आपणच करायची असते. ती केली त्या दिवसापासूनच हिशेब सुरू होतो, मागचा भरून मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही, हे काम डिसेंबरातच व्हायला हवं. आणखी एक: सखोल विश्लेषणासाठीचा तपशील मूळ सेटिंगमध्ये दोनच महिने टिकतो. तो १४ महिन्यांवर न्या, नाहीतर वर्षातून एकदा येणाऱ्या पिकाची गेल्या वर्षाशी बारकाईने तुलना करणार कशी?

लक्ष्य एकच आणि स्पष्ट असलं की काय होतं, हे बराक ओबामांच्या २००८च्या निवडणुकीसाठीच्या प्रचारमोहिमेने दाखवून दिलं. गुगलमधून आलेल्या डॅन सिरोकर या तरुणाने डिसेंबर २००७मध्ये प्रचाराच्या वेबसाइटचं पहिलं पान तपासायला घेतलं. लक्ष्य एवढंच, की आलेल्या माणसाने आपला ईमेल पत्ता द्यावा. चार प्रकारची बटणं, तीन छायाचित्रं आणि तीन व्हिडिओ यांच्या २४ जोड्या वेगवेगळ्या पाहुण्यांना दाखवल्या गेल्या. मोहिमेतल्या लोकांची पसंती व्हिडिओला होती. प्रत्यक्षात तिन्ही व्हिडिओ प्रत्येक छायाचित्राच्या मागे पडले. जिंकला तो ओबामांचा सहकुटुंब फोटो आणि ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ लिहिलेलं बटण. पत्ता देणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. उमेदवार तोच, पानही तेच. चाचणी झाली नसती तर कार्यालयातल्या जाणकारांनी आपल्या आवडीचा व्हिडिओच लावला असता आणि त्याचं नुकसान कुणाला कधी कळलंही नसतं. शिवाय ईमेलचं लक्ष्य हवेतलं नव्हतं. सिरोकरच्या हिशेबाने पत्ता देणारा माणूस पुढे सरासरी २१ डॉलरची देणगी देत होता.

ही शिस्त आपल्या आंब्याच्या पानाला लावून बघा. गिऱ्हाईक पेटीचा भाव बघतं, नाव लिहितं, पत्ता लिहितं आणि पैसे भरायच्या पायरीवर निघून जातं. कारण बहुधा तिथेच असतं: वाहतूक खर्च शेवटी उगवतो, किंवा माझ्या पिनकोडला पेटी कधी पोहोचेल हे कुठेच लिहिलेलं नसतं. पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं, आढीत पिकवलंय की कसं, हे विचारायला माणूस फोन करतो. फोन वाजला म्हणजे जाहिरात चांगली चालली, असं धरून चालू नका. कदाचित पानावर माहितीच अपुरी असेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा हलतो का ते बघा.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो, ते. रूपांतराचा, म्हणजे आलेल्यांपैकी किती जणांनी आपलं लक्ष्य पूर्ण केलं याचा, आकडा फसवूनही वाढतो. टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवायची, ‘शेवटच्या दोन पेट्या’ असं खोटंच लिहायचं, नको म्हणणाऱ्याला लाजवायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांच्यावर बंदी घातली. तरीही त्या दिसतात, कारण ऑर्डर हे एकच लक्ष्य ठेवलं की फसवणूकही आलेखात प्रगती म्हणून उमटते. जो सल्लागार तुम्हाला हे सुचवतो, त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी असेल, बाग मात्र तुमचीच आहे.

म्हणून ऑर्डरच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत. एक परत केलेल्या पैशांचा. ॲनालिटिक्समध्ये रिफंडची वेगळी नोंद करता येते, ती करायला सांगा. दुसरा, गेल्या हंगामातलं किती गिऱ्हाईक पुन्हा आलं याचा. हा दुसरा रकाना भरायला ऑर्डरची वहीसुद्धा पुरते, आणि तो आधी भरा.