इंटरवलपर्यंत बरा हाय

मलकापुरात पिक्चरला तारे देत नाहीत. साडेतीन ताऱ्यांतला तो अर्धा तारा म्हणजे नेमकं काय आवडलं आणि काय नाही, हे इथं कुणी समजावून घेणार नाही. इथं विचारायचं, ‘कसा हाय?’ आणि उत्तराच्या सुरावरून ओळखायचं. ‘बरा हाय’ म्हणजे जाऊ नका. सांगणारा तिकिटाचे पैसे भरून आलेला असतो आणि ते बुडाले हे चारचौघांत कबूल करायची त्याची तयारी नसते. ‘एकदा बघाय हरकत न्हाई’ म्हणजे दुसरा कुणी पैसे देत असेल तर जा. ‘ष्टोरी न्हाई’ ही थेट फाशीची शिक्षा, त्यावर अपील नाही. ‘नाद खुळा!’ म्हणाला तर डोळे झाकून जावं. मात्र एका दमात तीनदा ‘नाद खुळा’ म्हणाला, तर त्यानं तो पाहिलेलाच नाही, मेहुण्यानं फोनवर सांगितलाय, एवढं समजून घ्यावं.

आमचं गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाट लागायच्या अलीकडे. कोकणात जाणारे लोक आम्हाला ‘घाटाआधीचा चहा’ म्हणून ओळखतात, आणि आमची त्याला ना नाही. मोठ्या पडद्यावरचा पिक्चर बघायचा तर इथला माणूस कोल्हापूर गाठतो. सकाळी निघायचं, जाताना मिसळ, मग पिक्चर, मग बायकोनं सांगितलेली खरेदी आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. त्यामुळे आमची समीक्षा घडते ती एसटीत. गाडी वाघबीळ चढेपर्यंत हिरोचा निकाल लागतो, बांबवडे येईतो दिग्दर्शकाला कामावरून काढून टाकलेलं असतं, आणि मलकापूर स्टँडवर पाय ठेवताना मत पक्कं झालेलं असतं. त्यात मिसळीचाही वाटा मोठा असतो. कट कमी पडला असेल तर पिक्चरही ‘सपक’ ठरतो. शहरातल्या समीक्षकाला वर्तमानपत्र पास देतं. आमच्या माणसाच्या मतात एसटीचं भाडं, तिकीट, पॉपकॉर्नचा भाव ऐकून बसलेला धक्का आणि बुडलेला एक रोज असं सगळं मिसळलेलं असतं. मग मत तिखट येणारच.

आणि हे काही आजचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला पिक्चरवर बोलायचा हक्क सातबाऱ्यासारखा वारसानं मिळतो. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा स्वतः जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की बघणाऱ्यांना घेरी आली म्हणतात. घेरी येणं हासुद्धा अभिप्रायच, आणि त्यात खोटेपणाला वाव कमी. खुद्द लोकमान्यांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. एवढा मोठा संपादक, पण अग्रलेख नाही की काही नाही, दोन शब्दांत काम संपवलं. ‘नाद खुळा’ हेही दोनच शब्द आहेत, याकडे मी फक्त लक्ष वेधतो. १९२९ साली प्रभातही कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. आमच्या सलूनमध्ये अजून एक तात्या आहेत, ते या गोष्टीवर बोलताना गेल्या महिन्यात पळून गेलेल्या सुनेबद्दल बोलावं तसे बोलतात.

शिवाय इथं प्रत्येकाच्या आजोबांनी भालजी पेंढारकरांच्या पिक्चरमध्ये मावळ्याचं काम केलेलं असतं. कुणी भाला धरलेला, कुणी मशाल, कुणाचं नुसतं घोडं गेलेलं. मी ऐकलेले सगळे मावळे एका ठिकाणी उभे केले, तर औरंगजेब नर्मदेवरूनच माघारी गेला असता. अशा घराण्यातल्या माणसाला लढाईचा सीन दाखवणं धोक्याचं. तो हिरोकडे बघतच नाही. मागच्या रांगेतला चौथा मावळा ढाल उलटी धरतोय, हे त्याला आधी दिसतं.

माझ्या आजीची मतं याहून वेगळ्या घडणीची होती. तिनं सगळे पिक्चर जत्रेतल्या तंबूत पाहिले. तंबूत पडदा मधोमध लावलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मशीन अर्थातच पुरुषांच्या बाजूला. म्हणजे बायकांना पिक्चर दिसायचा तो उलटा. नावं उलटी, पण नावं वाचायची होती कुणाला? गडबड व्हायची ती पुढं. आजीच्या मते पडद्यावरचे झाडून सगळे नट डावखुरे होते. डाव्या हातानं तलवार, डाव्या हातानं जेवण, डाव्या हातानं आशीर्वाद. ‘काम चांगलं केलंय, पर वळण न्हाई लावलं आईबापानं,’ हे तिचं ठरलेलं मत. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याला विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला हे तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘तितक्यात उजव्या हातानं जेवाय तरी शिकवायचं की!’

खरी गंमत मात्र शेवटच्या गाडीची. एसटीच्या वेळापत्रकानं आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीची चित्रपटदृष्टी घडवली, हे कुठल्याही पुस्तकात आलेलं नाही. पिक्चर तीन तासांचा आणि शेवटची गाडी अडीच तासांनी सुटणारी. मग माणूस गाणी बघायचा, मारामारी बघायचा आणि व्हिलन पकडला जायच्या बेताला चप्पल शोधायला लागायचा. शेवट काय झाला असेल ते गाडीत सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ‘इंटरवलपर्यंत बरा हाय, फुडं ताणलाय’ हे मत त्यातूनच निघालं असावं. ज्याला पुढं बसायला वेळच नाही, त्याला पुढचं ताणलेलंच वाटणार.

आमच्या अण्णांनी ‘शोले’ असाच पाहिला. १९७५ सालच्या पंधरा ऑगस्टला आलेला हा पिक्चर तीन तासांहून मोठा. जय मेला, तिथं अण्णा उठले. डोळे पुसत पुसत पळाले आणि धावती गाडी धरली. घरी येऊन त्यांनी वाड्यात पंधरा-वीस माणसांना बसवून सगळी गोष्ट सांगितली, आणि गोष्ट अर्धी सोडायची आपल्यात पद्धत नाही म्हणून शेवटही सांगितला. ठाकूरनं गब्बरला पायानं तुडवून, तुडवून मारला. ऐकणाऱ्यांचं समाधान झालं. दिवाळीनंतर कुणीतरी कोल्हापुरात मुक्काम करून पिक्चर पुरा बघून आला आणि त्यानं सांगितलं, की ठाकूर मारायच्या बेतात असतानाच पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात.

‘पोलीस?’ अण्णा म्हणाले, ‘ठाकूरचं दोन्ही हात तोडलं तवा कुठं हुतं गा पोलीस?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण पिक्चरमध्ये पोलीस होते, त्याला अण्णा काय करणार? तेव्हापासून गावात अण्णांच्या शब्दाची किंमत उतरली. त्यांनी पावसाचा अंदाज सांगितला तरी कुणीतरी म्हणायचं, ‘बगा हं अण्णा, न्हाईतर पोलीस येत्याल.’

आणि मग पुष्कळ वर्षांनी बाहेर आलं ते असं, की रमेश सिप्पींनी शेवट खरोखर तसाच काढला होता. ठाकूर गब्बरला पायांनीच मारतो. पण दिवस आणीबाणीचे. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात (म्हणजे पायात) घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही, आणि शेवट बदलून पोलीस आणावे लागले. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात ‘शोले’ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली, ती मूळच्या शेवटासह. पुतण्यानं ही बातमी अण्णांना मोबाइलवर वाचून दाखवली. अण्णा आता सत्तरीच्या घरात आहेत. आनंदानं उडी मारतील असं आम्हाला वाटलं होतं, पण ते तंबाखू मळत राहिले.

‘त्यात काय एवढं? हात न्हाईत, म्हंजे पायच ऱ्हायलं की. बारक्या पोराला बी कळंल.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘म्हंजे बघा, मी अर्धा बघिटला त्यो पुरा बघिटला, आन तुमी पुरा बघून बी अर्धाच बघिटला.’

पन्नास वर्षांनी लागलेला हा निकाल. एवढा उशीर आमच्याकडे फक्त बांधाच्या केसला लागतो.

बायकांची मतं मात्र वेगळ्याच कोर्टात चालतात. २०२३ च्या जूनअखेर केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. आमच्याकडे ते दिवस रोपलावणीचे. पण टीव्हीवर दिसायचं, की गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथी घालून घोळक्यानं पिक्चरला चालल्यात. शेजारच्या काकूंनी चिखलातून पाय काढले, गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि एक अख्खं वडाप ठरवलं. पिक्चर सहा बहिणींचा, त्यांच्यातल्या अबोल्याचा आणि मंगळागौरीच्या स्पर्धेचा. काकू परत आल्या त्या रडून सुजलेल्या डोळ्यांनी आणि हसून दुखणाऱ्या पोटानं.

‘लई ग्वाड पिक्चर,’ त्या म्हणाल्या. ‘समदं खरं दावलंय. पर एक न्हाई पटलं. सा भनी एकत्र आल्या आन हक्कसोडपत्राचा इषय निगाला न्हाई. का मी मधी च्या आनाय भाईर गेलतो, तवा निगाला कुणास ठावं.’

घरातल्या पुरुषांनी हे ऐकलं आणि कुणी काही बोललं नाही. त्या घरात सहीचा विषय गेली काही वर्षं चालू आहे.

‘छावा’च्या वेळी तर मलकापूर स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर विद्यापीठ भरलं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत पिक्चर लागला, थिएटरातून लाल डोळ्यांनी माणसं बाहेर पडली, तशी आमचीही पडली. कादंबरी शिवाजी सावंतांची, म्हणजे आजऱ्याच्या माणसाची, म्हणजे जिल्ह्यातलीच. विकी कौशलच्या कामाबद्दल दुमत नव्हतं. वाद निघाला तो रस्त्याचा. मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून संगमेश्वरी गेला आणि १६८९ साली तिथं संभाजी महाराज कैद झाले. पण खान उतरला कुठल्या घाटानं? एक मास्तर बखरी काढून बसले. दुसऱ्यानं मोबाइलवर नकाशा उघडला. शेवटी साखरप्याला रोज वडाप नेणारा ड्रायव्हर ग्लास खाली ठेवून म्हणाला, ‘आंबा घाटच. अणुस्कुऱ्यानं गेला तर राजापूरला निगतोय, तिथनं परत माघारी संगमेश्वर. कोण जाईल?’ डिझेलचा हिशेब करून सांगितलेला इतिहास मी पहिल्यांदाच ऐकला. मास्तरांनी बखर मिटली. पिक्चर कसा होता, हे त्या संध्याकाळी कुणीच विचारलं नाही.

नव्या पोरांचं म्हणाल, तर त्यांना शेवटच्या गाडीचा काच राहिलेला नाही. माझा भाचा मोबाइलवर पिक्चर दीडपट वेगानं बघतो. परवा म्हणाला, ‘मामा, पिक्चर लई फास्ट हाय, पर गाणी जरा घाईत म्हटल्यात.’ यावर काय बोलणार? अण्णांनी शेवट सोडला, यानं मधलं सगळं चेपलं.

पण आमच्या तालुक्यात ज्याच्यावर मत द्यायला माणूस पाहुण्यांच्या जेवणातूनही उठून येतो, तो पिक्चर म्हणजे दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेला. महाराज चिन्मय मांडलेकर, बाजीप्रभू अजय पुरकर. खिंड गजापूरला, विशाळगड तिथून पुढं, दोन्ही शाहूवाडी तालुक्यात. म्हणजे खिंड आमची आणि पिक्चर त्यांचा. गजापूरकडचे आमचे एक पाव्हणे कोल्हापूरला जाऊन तो बघून आले. पन्हाळ्याहून रात्री निघालेली पालखी, मागं पाठलाग, आषाढाचा पाऊस, बांदलांची झुंज, सगळं त्यांनी मन लावून पाहिलं होतं.

‘लढाई भारी,’ पाव्हणे म्हणाले. ‘बाजींचं काम केलेला माणूस लई भारी. काटा आला अंगावर. पर चिखल कमी पडला.’

‘चिखल?’

‘आषाढात तिथं पाय घालून बघा, गुडघ्याला लागतोय. ही माणसं पळत्यात कशी? आन पाऊस वरनं पडतोय. आमच्या हितं आडवा पडतोय, इरल्यात बी शिरतोय. आन जळू दिसली का एक तरी? महाराजांच्या पायाला सोडा, पर घोड्याला?’

मी म्हटलं, ‘पाव्हणं, पिक्चर हाय तो. जळवा कुठनं आणणार?’

‘आमच्याकडनं न्यायच्या की! फुकाट हैत.’

तेव्हापासून दर जुलैला पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत येणाऱ्यांची गर्दी बघितली, की मला पाव्हणे आठवतात. चालणारे पूर्वीही यायचे, पण आता त्यांतले पुष्कळजण पिक्चर पाहून येतात, रेनकोट घालून, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मागच्या पावसाळ्यात पुण्याकडचा एक तरुण खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला, खाली वाकून बघितलं आणि जरा निराश होऊन म्हणाला, ‘पिक्चरमध्ये मोठी वाटत होती.’

पाव्हणे शेजारीच इरलं पांघरून उभे होते. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, वॉटरप्रूफ बूट बघितले, हातातली काठी बघितली.

‘रातचं या,’ ते म्हणाले. ‘बूट काढून या. आन मागनं सिद्दी मसूद येतोय असं समजून पळत या. मग सांगा, बारकी हाय का मोठी.’