पागेतला पाहुणचार

पुणेकराला भीमथडी म्हटलं की डिसेंबरातली जत्रा आठवते. मासवडी, घोंगड्या आणि पार्किंगवरून झालेलं भांडण. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ आणि त्या काठावर त्याच नावाचं एक ठेंगणं, काटक तट्टू असतं, हे मला कळायला वयाची साठी उलटावी लागली. वास्तविक ते तट्टू आपल्या राज्यगीतात आहे. २०२३ पासून सरकारी समारंभात आपण सगळे त्याला पाणी पाजायला थेट यमुनेवर नेतो. पण ताठ उभं राहायचं म्हटलं की माणसाचं सगळं लक्ष पोट आत घेण्याकडे असतं, शब्दांकडे नाही.

मेव्हण्याचा फोन मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. "दाजी, या चार दिवस. रानात गार वाटतं."

मेव्हणा राहतो कुरकुंभच्या पुढं, भिगवणच्या अलीकडं. मे महिन्यात तिथं गार वाटतं असं म्हणणारा माणूस एक तर कवी असतो, नाहीतर त्याला गडी हवा असतो. मेव्हण्यानं आयुष्यात कविता केलेली नाही. तरी आम्ही दोघं स्वारगेटला लाल एस.टी.त बसलो. यवत गेलं, चौफुला आला. चौफुल्याला तमाशाच्या थिएटरांच्या पाट्या दिसू लागल्या की ही मला दर वेळी दुसऱ्या खिडकीतून ऊस बघायला सांगते. मी गेली पस्तीस वर्षं तिथला ऊस बघतोय.

शेत तीन एकर. निम्म्यात ऊस, एका तुकड्यात लसूणघास, बांधावर चार लिंब आणि मधोमध दोन इमारती. एकीला उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, खाली वाळू, चारी बाजूंनी वारा. दुसरीला पत्रा. पहिलीत घोडी राहतात. दुसरीत आमची सोय केली होती. दुपारी एकला मी पत्र्याखाली घामानं थबथबून पडलो होतो आणि समोर पाचटाखाली शांता उभ्या उभ्या डुलकी काढत होती. एक मागचा पाय सैल सोडलेला, खालचा ओठ लोंबलेला. इतकी समाधानी मुद्रा मी फक्त पेन्शनच्या रांगेत पहिला नंबर लागलेल्या माणसाची पाहिली आहे.

शांता ही कुमैत रंगाची भीमथडी घोडी. मेव्हण्यानं ती रस्त्यानं चाललेल्या एका धनगर कुटुंबाकडून घेतली. दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी माघारी फिरतात. सगळं घर घोड्याच्या पाठीवर असतं. बाज, भांडी, काल जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. शांतेला ती सवय अजून आहे. पाठीवर कोंबडी बसली तर ती जागची हलत नाही. मी बसलो तेव्हा हलली. दोन पावलं पुढं, एक आडवं आणि मग मान खाली घालून थेट शेजाऱ्याच्या उसात. लगाम माझ्या हातात होता, पण तो एस.टी.त कंडक्टरच्या हातात घंटीची दोरी असते तसा. गाडी कुठं न्यायची ते दुसरंच कुणीतरी ठरवतं.

खरं राज्य होतं आबांचं. आबा म्हणजे मेव्हण्याकडचे मोतद्दार. वय त्यांनाही ठाऊक नाही. पहाटे पाचला खरारा, मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, त्यात कोंडा, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा. मला चहा मिळायचा सातला. हिनं आमरसाच्या सालींची बादली कौतुकानं शांतेपुढं नेली, तर आबांनी ती अर्ध्या वाटेत अडवली. "ताई, दोन-चार द्या. घोड्याला वांती होत नाही. गेलं आत ते मागनंच येणार, न्हाईतर पोट फुगणार." हे खरं आहे, घोड्याला ओकता येत नाही. मी त्या दिवशी पाच वाट्या आमरस घेतला होता. माझ्याकडे आबांनी एकदाही लक्ष दिलं नाही.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. उन्हाळ्यात घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितं. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. म्हणजे बोअरची मोटर चालू करायची रात्री एकला आणि पागेतल्या टाक्या भरायच्या बादल्यांनी, कारण पाइप उंदरांनी कुरतडलेला. "दाजी, तुम्हाला तसंही झोप लागत नाही," मेव्हणा म्हणाला. मी बाजेवरून उठून नऊ बादल्या वाहिल्या. शेवटची मोठ्या अभिमानानं शांतेच्या तोंडापुढं धरली. तिनं वास घेतला, नाकपुड्या फेंदारल्या आणि तोंड फिरवलं. मी पुन्हा धरली. तिनं पुन्हा फिरवलं. जिच्या पणज्या यमुनेचं पाणी पिऊन आल्या असं आपण साऱ्या जगाला ताठ उभं राहून सांगतो, तिला आमच्या बोअरचं पाणी चालेना.

अंधारातून आबांचा आवाज आला. "पाव्हणं, साबणानं हात धुतलं का?"

धुतले होते. चंदनाच्या साबणानं, हिनं पुण्याहून आणलेल्या. ती बादली लिंबाला गेली.

तिसऱ्या दिवशी घोड्यांच्या आंघोळी निघाल्या. मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'गंगेत घोडं न्हालं' म्हणजे एकदाचं काम तडीस गेलं, असं फळ्यावर लिहून दिलं. ज्यानं हा वाक्प्रचार काढला, त्यानं घोडं न्हाल्यावर तिथून लगेच काढता पाय घेतला असणार. मी थांबलो. तासभर घासून, आयाळ विंचरून शांता आरशासारखी चकाकायला लागली. मी दावं सोडलं. ती चार पावलं गेली, पुढचे गुडघे टेकले आणि मातीत उताणी लोळली. इकडून तिकडं, तिकडून इकडं, चारी पाय आभाळात. उठून अंग झाडलं तेव्हा मी, ही आणि वाळत घातलेले पापड, सगळे एकाच रंगाचे झालो होतो. अंगावर माती असली की माश्या कमी चावतात, आबांनी समजावलं. हे आंघोळीच्या आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "तुमची हौस दिसली."

दुसरं घोडं सरदार. पांढराशुभ्र, उंच, देखणा आणि घरातला एकमेव कमावता. लगीनसराईत तो नवरदेव वाहतो आणि त्यावर दोघांचा वर्षाचा कडबा निघतो. चौथ्या दिवशी पळसदेवच्या पुढच्या एका गावात त्याची वरात होती. मेव्हण्याला चक्कर येत होती (कामाच्या वेळी त्याला लहानपणापासून येते), म्हणून आबांबरोबर मी निघालो. सरदार पिकअपमध्ये चढायला तयार होईना. फळी लावली, गूळ दाखवला, मागून ढकलायला मी गेलो तर आबा ओरडले, "मागं नगा, मागं नगा! बरोब्बर मागचं त्येला दिसत न्हाई." साहेबाच्या पुढं आणि घोड्याच्या मागं उभं राहू नये, हेही मी वर्गात शिकवलेलं. शेवटी पाऊण तासानं तो आपल्या मर्जीनं चढला, जणू आम्ही इतका वेळ त्याला उतरवायचा प्रयत्न करत होतो.

पळसदेवपाशी टायर पंक्चर. उजनीचं पाणी मेमध्ये खाली जातं आणि एरवी बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. ते बघायला आलेल्या चार पोरांनी देवळाकडे पाठ करून सरदारबरोबर सेल्फी काढले. स्टेपनी लागेपर्यंत ऊन कललं.

गावात पोचलो तेव्हा वरात निघालेली. नवरदेव ट्रॅक्टरवर बसला होता. मध्ये डीजेची गाडी, मागं जनरेटरची, तिच्यामागं नाचणारी पन्नास पोरं. गल्ली अरुंद. पुढं जायला वाट नाही. आबांनी सरदारच्या कानात कापसाचे बोळे घातले, उरलेला कापूस माझ्या कानात कोंबला, झूल नीट केली, कलगी लावली. आणि मग सगळ्यात शेवटी, धुरळ्यात, सजवलेला मोकळा घोडा आणि त्याचा लगाम धरून मी.

'वरातीमागून घोडे' याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. किती पोरांना विचारलं असेल, आणि कितींचे गुण कापले असतील.

नवरदेवाच्या मामांनी मारुतीच्या देवळापाशी मला गाठलं. ते बराच वेळ बोलले. काय बोलले ते कापसामुळे कळलं नाही, पण मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. सरदारनंही हलवली. त्यांनी मग त्याच्याकडे बघून पैसे दिले, ठरल्यापेक्षा निम्मे.

निघायच्या दिवशी नालबंद आला. त्याच्या डब्यात एका बाजूला बैलाच्या पत्र्या, दुसऱ्या बाजूला घोड्याचे नाल. शेजारच्या काकूंनी काळ्या घोड्याची नाल मागितली होती. आबांनी शांतेची झिजलेली नाल चुलीतल्या काजळीत दोनदा फिरवून हिच्या हातात ठेवली. "घ्या. घोडं कोण बघायला येतंय?"

शिवाय मेव्हण्यानं गच्चीवरच्या कुंड्यांसाठी पोतंभर लीद बांधून दिली. म्हटली होती वाळलेली, पण तळाची ओली निघाली. एस.टी. पाटसपर्यंत पोचेस्तोवर पोतं ऊबदार झालं. कंडक्टर आला, वाकला, चटकन सरळ झाला.

"काय आहे यात?"

"खत."

"कशाचं?"

"भीमथडी घोडीचं."

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं आणि ते मला लांबूनच दिलं. यवतला आमच्या पुढची दोन बाकं मोकळी झाली, उरुळीला मागची. ही एका बाकावर आडवी झाली, मी दुसऱ्यावर, आणि मे महिन्यात एस.टी.त पाय पसरून आम्ही हडपसरपर्यंत घोरत आलो.