नायट्रोजनची वर्गणी

तारकर्लीला पहिल्यांदाच बुडी मारायला आलेल्या पाहुण्याच्या मनगटावर हल्ली ॲपलचं अल्ट्रा घड्याळ दिसतं. पाण्याखाली प्रशिक्षक त्याला, जत्रेत पोर हरवू नये म्हणून बखोटीला धरावं तसा, सिलिंडरला धरून फिरवून आणतो. किती खोल जायचं, कधी वर यायचं, हवा किती उरली, सगळं तोच बघतो. घड्याळाचं काम वर आल्यावर सुरू होतं : ग्रुपवर टाकायचा आलेख काढणं.

बुडीसाठीच बनवलेला डाइव्ह कॉम्प्युटर मात्र दिसायला अगदीच ठोकळा. खोली आणि वेळ मोजून अंगात नायट्रोजन किती मुरला, वाटेत न थांबता वर यायचं तर अजून किती मिनिटं खाली राहता येईल, एवढीच त्याची विद्या. फोन घेत नाही, पावलं मोजत नाही, लग्नात मिरवता येत नाही. कसला संसार करणार त्याच्याशी!

अल्ट्रा 2022मध्ये आलं. बुडीची हद्द 40 मीटर; हौशी मंडळींना तेवढी पुष्कळ, तक्रार नाही. पण त्यावरच्या ओशनिक प्लस ॲपची तऱ्हा न्यारी : खोली आणि वेळ फुकट, नायट्रोजनच्या हिशेबाला वर्गणी. म्हणजे आपण किती बुडालो ते मोफत कळणार. सुखरूप वर कसं यायचं त्याचे पैसे वेगळे.

शिवाय पाण्यात टचस्क्रीन ऐकत नाही, बटणंच दाबावी लागतात. ठोकळ्यालाही बटणंच असतात म्हणा. आणि तो बऱ्याच केंद्रांवर भाड्याने मिळतो. पण भाड्याची वस्तू ऑफिसात कशी दाखवणार?