इटालियन, मुक्काम पोस्ट जालना

माझ्याकडे इटालियन दुचाकी आहे असं मी सांगितलं, की समोरच्याचे डोळे आधी मोठे होतात आणि मग तो माझ्या पायातल्या चपलांकडे बघतो. डुकाटी, मोटो गुझी, अप्रिलिया ही नावं आता जालन्यातल्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. मामा चौकात चहा पिताना ती मोबाइलवर हेच बघत बसलेली असतात. "कुठली, सर?" असं एखाद्यानं आदरानं विचारलं, की मी बाहेर उभ्या असलेल्या १९८२ च्या चेतककडे बोट दाखवतो. आदर तिथंच संपतो.

"सर, ही तर बजाज आहे."

"मूळ गाव पोंतेदेरा."

"आमच्या आजोबांकडं हीच होती की. आजोबा भोकरदनचे."

यावर काय बोलणार? पण माझं म्हणणं हवेतलं नाही. इटलीतल्या पोंतेदेरा गावात पियाज्जिओ कंपनीचा विमानांचा कारखाना होता. महायुद्धात तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर बॉम्बफेकी विमानांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा मालक एन्रिको पियाज्जिओ यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी दुचाकी काढायचं ठरवलं आणि ते काम कोर्रादिनो दास्कानिओ या हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरकडे सोपवलं. गंमत अशी, की या गृहस्थांना मोटारसायकल मनापासून आवडत नसे. साखळीचं ग्रीस कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे अर्धा दिवस गेला, बसताना टांग टाकावी लागते. त्यांनी साखळीच काढून टाकली, चाकं विमानाच्या चाकासारखी एकाच बाजूनं धरली आणि पुढं पाय ठेवायला सपाट जागा केली. एप्रिल १९४६ मध्ये व्हेस्पाचं पेटंट नोंदवलं गेलं. १९६० साली बजाजनं पियाज्जिओशी करार केला. १९७१ मध्ये तो संपला, सरकारनं वाढवू दिला नाही. इटालियन गेले, पण गाडीची घडण बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातच राहिली आणि पुढच्याच वर्षी तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं. आता मला सांगा, नाव बदललं म्हणून मूळ गाव बदलतं का? आपल्याकडे चार पिढ्या मुंबईत काढलेला माणूससुद्धा "आम्ही मूळचे परतूरचे" असं सांगतोच ना?

जालन्याला जिल्ह्याचा दर्जा १ मे १९८१ ला मिळाला आणि वडिलांना स्कूटर त्याच्या पुढच्या वर्षी. वडिलांच्या लेखी दुसरी घटना मोठी होती, कारण जिल्ह्यासाठी त्यांनी पैसे भरून नंबर लावलेला नव्हता. त्या काळी स्कूटरचं बुकिंग करून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. ज्याचा भाऊ किंवा मेहुणा परदेशात असे आणि तिथून परकीय चलन पाठवी, त्याला गाडी लवकर मिळे. आमचे सगळे नातेवाईक बदनापूरच्या अलीकडेच होते. नंबर लागला त्या दिवशी गाडी शोरूमच्या दारातच 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, देऊन घ्यायला लोक तयार होते, पण वडिलांनी ती घरी आणली, हार घातला आणि आम्हा भावंडांना लांबून बघायची परवानगी दिली.

आता ती माझ्याकडे आहे. खरं म्हणजे तिची मालकी फक्त कागदावर माझी आहे. बाकी ती गावाची आहे. जुनी स्कूटर रस्त्यात बंद पडली, की जालन्यात माणूस एकटा राहत नाही. गांधी चमनपाशी उभं राहून दोन किका माराव्यात, तिसऱ्या किकेला सल्लागार मंडळ जमलेलं असतं. "चोक दिला का?" "जास्त चोक देऊ नका, फ्लड होईल." "कॉक उघडा आहे ना?" "आडवी करा, साहेब. आडवी केल्याशिवाय ही ऐकत नाही." प्रत्येकाच्या वडिलांकडे, काकांकडे किंवा सासऱ्यांकडे ही गाडी होती आणि प्रत्येकाला तिच्याविषयी ठाम मत आहे. शेजारून जाणारी लाखालाखाची नवी बाइक बंद पडली तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही, कारण तिथं सांगण्यासारखं कुणाकडे काहीच नसतं.

माझे उस्ताद कदीम जालन्यात बसतात. हातात पाना, खांद्यावर कधीतरी पांढरा असलेला रुमाल. त्यांचं निदान एका वाक्यात असतं: "सर, नई गाडी को कंप्युटर लगाते, इसको कान लगाना पडता." मग ते खरोखरच वाकून इंजिनाला कान लावतात. प्लग काढतात आणि उन्हात धरून बघतात. प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळंकुट्ट आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय आणि मालकानं दोन दिवस गाडीला हात लावू नये. माझा प्लग बहुधा काळाच असतो. उस्ताद तो पॉलिश पेपरवर घासतात, फटीतून जुनं पातं फिरवतात, फुंकर मारतात आणि मला परत देताना असं बघतात, जणू गाडी माझं पाहून बिघडली.

हिच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं: लिटरला साधारण २० मिली, म्हणजे दोन टक्के. पूर्वी पंपावरच मिश्रणाचं यंत्र असे. आता पंपावरच्या पोराला "टू-टी ऑइल आहे का?" विचारलं तर तो मॅनेजरला बोलावतो आणि मॅनेजर आठवणी सांगत बसतो. म्हणून डिकीत ऑइलची बाटली आणि औषधाचं मापाचं झाकण कायम असतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला आतून खातं. त्यातलं थोडंतरी आमच्या अंबड-घनसावंगीकडच्या उसाचं असावं, म्हणजे परका कुणी नाही. तरी या इंजिनाच्या तब्येतीला ते मानवत नाही. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर मी कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. रबरी नळी आणि वॉशर बदलत राहतो. घरात या खर्चाला 'इटलीला पैसे पाठवणं' म्हणतात.

वर्षातून एकदा सायलेन्सरचा कार्बन काढायचा असतो. जालना पोलादाचं गाव, भट्टीचं आम्हाला अप्रूप नाही. पण उस्ताद दुकानामागं लाकडं पेटवून त्यावर सायलेन्सर वांग्यासारखा भाजतात तेव्हा गल्ली जमते. आतलं जळकं ऑइल धूर सोडायला लागतं, मग तो लाल होतो, मग उस्ताद त्याला पकडीत धरून दगडावर आपटतात आणि काळ्या खपल्या धडाधड बाहेर पडतात. त्यानंतर गाडी अशी पळते, की मला स्वतःलाच भीती वाटते.

आता चालवण्याबद्दल. हिचं इंजिन उजव्या बाजूला आहे, मधोमध नाही. त्यामुळे गाडी जन्मजात उजवीकडे कलते आणि चालवणारा नकळत डावीकडे सरकून बसतो. यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडलेला आहे: डाव्या डिकीत मोसंबी. अंबडच्या बाजूला ओळखीच्या बागा आहेत. डिकी भरून घेतली, की परतीच्या रस्त्यावर गाडी सुतासारखी सरळ येते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याच्या अर्जात हा उपयोग लिहायचा राहून गेला.

चाकं दहा इंचांची आहेत. मोठ्या चाकाची बाइक ज्या खड्ड्यावरून नुसती उडते, त्या खड्ड्यात हे चाक आत जाऊन पाहणी करतं. म्हणून पावसाळ्यात पाणी साचलेल्या जागेवरून जायचंच नाही, खाली काय आहे ते फक्त महानगरपालिकेच्या जुन्या माणसांना ठाऊक. पुढचा ब्रेक एकटा दाबला की गाडी नाक खाली घालते आणि वाळूवर तर सरळ लोटांगणच. दोन्ही ब्रेक एकत्र, गाडी सरळ असताना, वळायच्या आधी. ड्रम ब्रेक आहेत, त्यांना विचार करायला वेळ द्यावा लागतो. समोरच्या वाहनापासून मी जेवढं अंतर ठेवतो, तेवढ्यात एक रिक्षा, दोन बाइक आणि एक म्हैस आरामात घुसतात. घुसू देतो. एमआयडीसीच्या रस्त्यावर सळयांचे ट्रक असतात, मागून हातभर बाहेर आलेल्या सळया आणि टोकाला लाल फडकं. त्या फडक्याच्या जवळ जायची घाई कुणाला आहे?

दिवा मॅग्नेटोवर चालतो. म्हणजे इंजिन जोरात तर उजेड जोरात. रात्री अंधाराला घाबरून वेग कमी केला, की उजेडही कमी होतो, मग भीती वाढते, मग वेग अजून कमी. म्हणून अंधार पडायच्या आत घर गाठावं, हा तिच्या चालकासाठी पहिला नियम. इंडिकेटर नाहीत. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढला, की रेस आणि पुढचा ब्रेक दोन्ही हातातून सुटतात. तेव्हा आधी गिअर उतरवायचा, वेग कमी करायचा, मागं मान वळवून बघायचं आणि मगच हात. मुठीवरचा आकडा आणि आतला गिअर यांचं मात्र एकमत नाही. केबल ताणली गेलीय. मूठ तीन दाखवते आणि गाडी दोनमध्ये असते. उताराचं एक सांगतो, कारण हे नव्या बाइकवाल्यांना ठाऊक नसतं. लांब उतारावर रेस पूर्ण बंद करून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत राहिलं, तर पेट्रोल फारसं जात नाही. आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. पिस्टन कोरडा पडतो आणि धरतो. मागचं चाक एकदम जाम. म्हणून अधूनमधून थोडी रेस द्यायची आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. आवाज बदलला की क्लच आत, प्रश्न नंतर.

हेल्मेट तर घालतोच. आमच्याकडे गावातल्या गावात हेल्मेट घातलेला माणूस दिसला, की लोक थांबवून विचारतात, "सर, पुण्याला निघालात का?" मोती तलावापर्यंत निघालोय म्हटलं तर विश्वास बसत नाही. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, पण तिथं दुचाकीला बंदी आहे. ही बातमी कळली तेव्हा सौभाग्यवतींनी सरकारच्या एखाद्या निर्णयाचं पहिल्यांदाच मनापासून स्वागत केलं.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पर्यावरण कर भरायचा, पीयूसी काढायचं आणि गाडी तपासणीला न्यायची. परवा त्यासाठी गेलो होतो. आदल्या दिवशी उस्तादांनी प्लग बदलला, पॉइंट जुळवले, नंबरप्लेट पुसली. रांगेत उभा असताना पांढरा पायजमा आणि टोपी घातलेले एक आजोबा गाडीभोवती फिरायला लागले. सीटवरून हात फिरवला, डिकी वाजवून बघितली.

"ब्याऐंशीची?"

"हो."

"एक फेरी मारू का, बाळा? इथल्या इथं."

नाही कसं म्हणणार? त्यांनी गाडी स्टँडवरून काढली आणि एका किकेत चालू केली. मला ते आजतागायत जमलेलं नाही. गेटबाहेर पडून धुरात दिसेनासे झाले. आणि नेमका माझा नंबर पुकारला गेला.

"गाडी कुठाय?" तपासनीस साहेबांनी कागद चाळत विचारलं.

"फेरीला गेलीय."

"कुणासोबत?"

मला नाव माहीत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी, रिझर्व्हवर होती का, किती पेट्रोल होतं, आजोबा अंबडकडे वळले की मंठ्याकडे, अशी चौकशी सुरू केली. होती रिझर्व्हवरच. बऱ्याच वेळानं गेटमधून आजोबा दिसले; हँडल त्यांच्या हातात आणि मागून पाच-सहा अनोळखी माणसं गाडी ढकलत होती. येताना त्यांची आपसात जोरात चर्चा चाललेली: एकाचं मत प्लग, दुसऱ्याचं पॉइंट. टाकीत पेट्रोलच नाही हे सांगायला मी पुढं झालो, पण माझ्या आधी साहेबच खुर्चीवरून उठले. पेन खिशाला लावलं, बाह्या वर केल्या आणि गर्दी बाजूला सारत म्हणाले, "सरका जरा. आधी आडवी करा तिला. आमच्या वडिलांकडं हीच होती."