काही होत नाही

सोसायटीच्या बागेत बाकी काही उगवो न उगवो, एखाद्या कुत्र्याने तोंडात पान धरलं की अण्णा मात्र हमखास उगवतात. बँकेतून निवृत्त, पायात फ्लोटर्स, हातात दुसऱ्यांच्या झाडांवरच्या फुलांनी भरलेली परडी. ‘अण्णा, ह्याने काहीतरी खाल्लंय हो,’ असं कुत्र्याच्या मालकिणीने रडवेलं होऊन म्हणायचा अवकाश, निकाल तयार असतो : ‘काही होत नाही.’ निकाल आधी, झाडाकडे बघणं नंतर. खिशातला चष्मा तर त्याच्याही नंतर निघतो.

अण्णांचं वनस्पतिशास्त्र थेट देवघरातून आलेलं आहे. देवाला चालतं ते कुत्र्याला चालतं. तुळस, दूर्वा, जास्वंद इथपर्यंत हा नियम सुखरूप चालतो. पुढे महादेवाची पिंड आली की पंचाईत होते. तिथे धोतरा वाहतात, पिवळी कण्हेर वाहतात. ‘महादेवाला चालते, तुमच्या ब्रूनोला काय धाड भरलीय?’ महादेवाने हलाहलसुद्धा पचवलं होतं, आणि ब्रूनो हा परवा श्रीखंडाच्या डब्याचं झाकण खाऊन दोन दिवस झोपून राहिलेला बीगल आहे, हा बारीक फरक अण्णा विचारात घेत नाहीत. कण्हेर गुलाबी असो की पिवळी, तिचं विष जातं ते हृदयाच्या ठोक्यांवर. धोतऱ्याने बुबुळं विस्फारतात, तोंड कोरडं पडतं आणि कुत्रं भ्रमिष्टासारखं वागायला लागतं. पण हे अण्णांना सांगणार कोण? ‘बिट्टीच्या बियांनी आम्ही वाड्यात खेळलोय!’ खेळले असतील. चावून गिळल्या नसाव्यात, नाहीतर आज आम्हाला मार्गदर्शन कोणी केलं असतं?

माळ्याने गुलाबांना एरंडीची पेंड घातली आणि सोसायटीतली यच्चयावत कुत्री त्या आळ्यांकडे ओढ घ्यायला लागली, तेव्हाही अण्णा निर्धास्त होते. ‘आम्हाला दर रविवारी एरंडेल पाजायचे. पोट साफ होईल त्याचं.’ एरंडाचं विष तेलात उतरत नाही, ते मागे चोथ्यात राहतं आणि पेंड म्हणजे तो चोथाच, हे माळ्याला ठाऊक होतं. पण माळ्याला बँकेचं पेन्शन नसल्याने त्याचं कोणी ऐकलं नाही. शेवटी त्यानेच गुपचूप पेंड उचलली आणि शेणखत टाकलं.

फाटकाशी दोन्ही बाजूंना बिल्डरने लावलेले सायकस आहेत. अण्णांच्या मते तो पाम, म्हणजे नारळाचा चुलतभाऊ, म्हणजे शुभ. तो मुळात पामच नाही. त्याच्या बिया तर कुत्र्याच्या जिवावर उठणाऱ्या. आधी उलट्या होतात, मग जरा बरं वाटल्यासारखं होतं, आणि २-३ दिवसांनी यकृत हात टेकतं. त्या मधल्या बऱ्या दिवशी अण्णा भेटले, तर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ एवढंच ऐकायला मिळेल.

अण्णांकडे औषध एकच : मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं. मीठ जास्त झालं तर कुत्र्याला त्याचीच बाधा होते, तेव्हा हा उपाय पानापेक्षा महाग पडायचा.

तरी अण्णांची पत टिकून आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. कुत्री हरळी चघळतात, ओकतात आणि शेपटी हलवत पुन्हा हरळी चघळतात. गुलाबाच्या पाकळीने, जास्वंदीच्या पानाने कोणाचं काही बिघडत नाही. श्रेय अण्णांच्या खात्यात जमा होतं, व्याजासकट. शिवाय घाबरलेल्या माणसाला डॉक्टरच्या ‘बघावं लागेल’पेक्षा अण्णांचं ‘काही होत नाही’ फार गोड लागतं, हेही खरं.

गेल्या पावसाळ्यात ब्रूनोने जिन्यातल्या कुंडीतलं हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांचं मोठं पान ओरबाडलं. तोंडातून लाळेची धार लागली, पंजाने तो तोंड खाजवायला लागला. मालकीण मोबाइलवर पानाचा फोटो काढत होती. अण्णांनी पान हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘अळूच्या कुळातलं आहे. काही होत नाही. हे बघा.’ आणि एक तुकडा तोडून कचाकचा चावला.

कुळ अगदी बरोबर ओळखलं होतं. ते डिफेनबेकिया होतं, अळूचं सख्खं भावंड. अळूची भाजी चिंच घालून का शिजवतात, हे अण्णांना तोवर कोणी सांगितलेलं नसावं. जेवणाच्या ताटापलीकडे त्यांचा अळूशी संबंध आला नव्हता. कच्च्या पानात सुयांसारखे स्फटिक असतात, चावलं की ते जिभेत घुसतात. अण्णांचे डोळे मोठे झाले, जीभ सुजली, शब्द फुटेना. वहिनी वरून ओरडल्या, ‘चिंच आणू का?’

तेवढ्यात मालकिणीने उरलेलं पान पिशवीत घातलं आणि ब्रूनोला गाडीत. पानाकडे बघताच डॉक्टरांनी नाव सांगितलं, तोंड धुऊन दिलं, लक्ष ठेवायला सांगितलं. संध्याकाळी ब्रूनो पोळी खात होता. अण्णा खिमट खात होते.

बोलणं बंद होतं, बोटं चालू होती. रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला : ‘सदर वनस्पती आज स्वतः खाऊन पाहिली आहे. कुत्र्यांना काही होत नाही. माणसांनी टाळावी.’