डब्यात की डब्यांत?

२७ फेब्रुवारीला सकाळी दूध आणायला निघालेल्या बाई कोथरूडच्या एका चौकात थबकल्या. भल्यामोठ्या फलकावर कुसुमाग्रजांचा फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा एका भावी नगरसेवकाचा, आणि खाली ठळक अक्षरात ‘मराठी भाषा गौरव दीन’. शिडीवर चढून सुतळी आवळणाऱ्या पोराला त्या म्हणाल्या, “दादा, ‘दि’ पहिली हवी.”

“हा पहिलाच आहे, काकू. दुसरा पुढच्या चौकात.”

पुढच्या चौकातही दीनच होता.

बाई फ्रीलान्स संपादक आहेत. सोसायटीच्या भाषेत, त्या घरीच असतात. त्यामुळे चार मजल्यांची कुरियर, दोघांच्या किल्ल्या आणि एका सिलिंडरचा ओटीपी त्यांच्याकडे असतो. “दिवसभर वाचतच तर असतेस,” असं शेजारच्या काकू म्हणतात, आणि ते खरंही आहे. फक्त बाईंना आता नुसतं वाचता येत नाही. लग्नपत्रिका हातात आली, की मुहूर्ताआधी ‘आशिर्वाद’ दिसतो. हॉटेलात त्या मेन्यूकार्ड तपासून परत करतात आणि वेटर तिष्ठत उभा राहतो.

त्यांचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही, गणपतीत होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. फराळ निदान आठवड्यात संपतो. अंकांची प्रुफं ऑगस्टपासून घरात शिरतात. बाहेर ढोल-ताशाचा सराव चालू असताना बाई स्मशानशांततेवरची भयकथा तपासत असतात. मानधन साधारण तिळगुळासोबत येतं, त्याबद्दल गोड बोललेलंच बरं.

गेल्या वर्षी त्यांच्या हातून जो प्रकार घडला, तो मात्र भयकथेत शोभला असता. एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र आलं होतं. गृहस्थ चारोळ्या करत आणि स्वतःला जुन्या वळणाने ‘कवि’ म्हणवत. नियमाप्रमाणे संस्कृतातून आलेले असे शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहायचे, म्हणजे ‘कवी’. शब्द दोनेकशे वेळा आलेला. रात्रीचा एक वाजलेला. बाईंनी संगणकाला हुकूम दिला : जिथे ‘कवि’ दिसेल तिथे ‘कवी’ कर. संगणक हा आज्ञाधारक पण व्याकरण न शिकलेला प्राणी. त्याने ‘कविराज’चा ‘कवीराज’ केला आणि प्रत्येक ‘कविता’ची ‘कवीता’ केली. अर्पणपत्रिकेतल्या नातीचंही नाव तेच होतं. तिलाही सोडलं नाही.

छपाईआधी नजर टाकायला मजकूर लेखकाकडे गेला आणि सकाळी सातला फोन आला. “बाई, माझ्या चार ओळींच्या कवितेची तुम्ही एका रात्रीत दीर्घकविता केलीत.”

बाईंना माफी मागण्याआधी हसू आलं. इतकी चांगली कोटी त्या माणसाच्या संबंध आत्मचरित्रात नव्हती. ती घालता येईल का, असंही त्यांनी विचारून पाहिलं.

अशा चुकांचं खापर पूर्वी मुद्राराक्षसावर फोडायची सोय होती. विशाखदत्ताच्या नाटकातला राक्षस खरं तर नंदांचा इमानी अमात्य. त्याचा छापखान्याशी काडीचा संबंध नाही. पण मराठीत तो खिळे जुळवणाऱ्याच्या खांद्यावर जो बसला, तो उतरला नाही. आता खिळे गेले आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा खेळ आला. या प्रवासात कधीकधी आडव्या मिशीसारखा ‘ऱ्’ हरवतो आणि त्याच्या जागी रफार डोक्यावर चढतो. एका लग्नाच्या वर्णनात त्यामुळे आचाऱ्यांऐवजी आचार्यांनीच पहाटेपासून जिलब्या तळायला घेतल्या. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अशा वेळी अत्रे येतात, नाहीतर विनोबा. कढईपाशी दोघांनाही उभं करणं अवघड आहे, पण अत्र्यांना समोरच्या पाटावर बसवायला हरकत नव्हती.

यंदा काम आटोपल्यावर बाईंनी दोन दिवस काहीही तपासायचं नाही असं ठरवलं आणि माळ्यावरची आजीची वही काढली. १९५४ सालच्या एका डायरीत निळ्या शाईने लिहिलेल्या पाककृती, हळदीच्या बोटांसकट. पान उघडलं ते मेतकुटाचं. ‘डाळी वेगवेगळ्या भाजून घ्याव्या. थंड झाल्यावर दळाव्या. मग मेतकूट डब्यांत भरावें.’

हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. पान संपेपर्यंत अकरा अनुस्वारांना गोल पडले होते.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आजीचं काहीच चुकलं नव्हतं. ती टिंबं तेव्हा रीतसर होती. १९६२ साली १४ नियम आले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले, आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून पुसले गेले. आजीला हे कुणी कळवलं नव्हतं आणि कळवलं असतं तरी तिने मेतकूट थांबवलं नसतं. बाईंनी खोडरबर घेतलं. दहा गोल पुसले. अकराव्यापाशी अडल्या.

‘डब्यांत’. आज हा शब्द लिहिला तर डबे अनेक, कारण एका डब्याला टिंब लागत नाही. आजीच्या काळी एक डबा असो की पाच, टिंब तेच. तेव्हा मेतकूट नक्की किती? प्रमाण कुठेच दिलेलं नाही. सवयीप्रमाणे बाईंनी समासात बारीक अक्षरात नोंद केली, ‘एकवचन की अनेकवचन? लेखकाला विचारणे.’

लेखक जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. त्यांनी मावशीला फोन लावला.

“मावशी, आजी मेतकूट एका डब्यात भरायची की जास्त?”

“डब्यात?” मावशी म्हणाली. “अगं, आम्ही सात भावंडं. दळून आलं की जो तो वाटी घेऊन भातावर. डब्याचं झाकण लागलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. तुझ्या आईला विचार हवं तर, ती सगळ्यात जास्त खायची.”