चल मुदत, अचल मुदत: एक सोलापुरी मीमांसा

सर्जनशील कामाची मुदत जवळ आली असता अंगात उत्साह आणि डोक्यात शांती ही दोन्ही एकाच वेळी कशी नांदतील, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. तो त्याहून क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच थोर पंडितांच्या तावडीतून आजवर सुटला. व्यवहारात असे आढळते की उत्साह आला की माणूस येरझाऱ्या घालतो आणि शांती आली की आडवा होतो. तो लिहितो नेमका कधी, याची नोंद कोठेही नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेखकाने सोलापूर हे क्षेत्र निवडले. त्यामागची तात्त्विक कारणे यथाक्रम येतील. ‘तिथे शेंगाचटणी मिळते’ हे कारण काही टीकाकार पुढे करतील. ते खरे आहे, पण तात्त्विक नाही.

आधी पूर्वपक्ष. या विषयातले आद्य पाश्चात्त्य आचार्य म्हणजे यर्क्स आणि डॉडसन. १९०८ साली अमेरिकेत या दोघांनी उंदरांना एक पांढरी आणि एक काळी पेटी दाखवून पांढरी निवडायला शिकवले. काळीत पाऊल टाकले की विजेचा झटका. निष्कर्ष असा निघाला की दोन पेट्यांतला फरक ठळक असेल तर झटका जोरदार असलेला बरा. फरक पुसट असेल तर मात्र मध्यम झटकाच उत्तम, त्याहून जोराचा दिला की उंदीर गोंधळतो. पुढच्या मानसशास्त्रज्ञांनी यावरून माणसाचा ताण आणि त्याची कामगिरी यांचा आलेख काढला, मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना बसलेला.

या सिद्धान्तात दोन दोष आहेत. पहिला असा की उंदरांना मुदतवाढ मागण्याची सोय नव्हती. ‘साहेब, घरी पाहुणे आहेत, झटका सोमवारी घेतो’ असे म्हणू शकणारा उंदीर प्रयोगात असता तर आलेख निराळाच आला असता. दुसरा दोष कालगणनेचा. प्रयोग १९०८ सालचा, आणि का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. म्हणजे मराठी लेखकाला दरसाल बसणारा झटका सुरू होण्याच्या तोंडावरच ही मंडळी निष्कर्ष काढून मोकळी झाली. वर्षभर थांबते, तर उंदरांचा खर्च वाचता.

आता उत्तरपक्ष. मुदत दोन प्रकारची असते, चल आणि अचल. चल मुदत माणूस ठरवतो, म्हणून माणूसच ती हलवतो. तिचे शुद्ध रूप दिवाळी अंकाच्या संपादकाच्या फोनमध्ये आढळते.

‘सर, लेख कुठवर आलाय?’

‘शेवटच्या परिच्छेदात आहे, साहेब.’

‘नाही, घाई नाही. पंधराला म्हटलं होतं, पण महिनाअखेर दिलात तरी चालेल.’

लेखक शेवटच्या परिच्छेदात खरोखरच असतो. पहिले सगळे लिहायचे राहिलेले असतात, एवढेच. पण ‘चालेल’ या शब्दानंतर त्याची जी अवस्था होते ती पाहण्यासारखी आहे. उत्साह तत्क्षणी ओसरतो. शांती येईल असे वाटते, तीही येत नाही, कारण जी तारीख एकदा हलली ती पुन्हा हलेल का, या विचाराने रात्रीची झोप जाते. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये सांगितले की जितका वेळ हाताशी असेल तितका काम व्यापून टाकते. हे ठीकच आहे, पण अपुरे आहे. आमची दुरुस्ती अशी: मुदत चल असली की लेखकाची निम्मी प्रतिभा लेखात आणि निम्मी सबबीत खर्च होते, आणि सबब बहुधा लेखापेक्षा सरस उतरते.

अचल मुदत आकाशात ठरते. आणि इथे सोलापूरचे क्षेत्रमाहात्म्य प्रकट होते. महाराष्ट्रातल्या घराघरांत खिळ्याला अडकवलेले दाते पंचांग शतकाहून अधिक काळ निघते ते याच गावातून. म्हणजे मराठी मुलखातल्या यच्चयावत अचल मुदतींचे गणित सोलापुरात होते. पंचांगकर्त्याचे स्वतःचे काम पाहा. गुढीपाडव्याआधी पुस्तक लोकांच्या हाती पडले नाही, तर आषाढात ते कोण घेणार? तिथीला ‘चालेल’ म्हणता येत नाही. या व्यवसायात लेखक स्वतः मजकुराला बांधलेला असतो. मराठी साहित्यात अन्यत्र अशी शिस्त आढळत नाही.

अचल मुदतीत शांती कशी असते, हे गणपतीच्या दिवसांत पाहावे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ सालापासूनचा सांगितला जातो, म्हणजे लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक उत्सवाची हाक देण्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हापासून भाद्रपद शुद्ध चतुर्थी एकदाही मंडळाच्या सोयीने पंचमीला गेलेली नाही. देखाव्याचा कारागीर आदल्या रात्री राक्षसाच्या मिशीला डिंक लावत बसलेला असतो. त्याच्या चेहऱ्यावर घाम असतो, चिंता नसते. मिशी लागली तर लागली, नाही तर राक्षस तुळतुळीत. सबब ऐकायला समोर कोणी नसल्यामुळे त्याची प्रतिभा पूर्णपणे मिशीतच उतरते.

पौष महिन्यात सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेत हेच तत्त्व विराट स्वरूपात दिसते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचे दारूकाम. आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसे सात नंदीध्वज तोलत चाललेली. ते पेलण्याचा सराव आधीपासून चालतो, कारण यात्रा संक्रांतीची, आणि संक्रांत थांबत नाही. निदान आपल्याला तसे दिसते. गणिती जाणतात की मकरसंक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले ती १८६३ सालची संक्रांत १२ जानेवारीला होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. म्हणजे मुदतवाढ सूर्यसुद्धा घेतो, पण बहात्तर वर्षांत एक दिवस, आणि फोन न करता.

दुसरी अधिकृत मुदतवाढ म्हणजे अधिक मास. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो. २०२२ साली ३१ ऑगस्टला येऊन गेलेले गणपती २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आले. पण ही वाढ कित्येक वर्षे आधी ठरलेली असते, आणि ती सगळ्यांना सारखी मिळते. तिने कोणाची शांती ढळल्याचे ऐकिवात नाही. ढळते ती खासगी वाढीने.

हौशी राज्य नाट्य स्पर्धा चल आणि अचल या दोहोंच्या सीमेवर आहे. प्रयोगाची तारीख सरकार ठरवते, म्हणजे तत्त्वतः चल. पण आपला प्रयोग पुढे ढकला असे सरकारला सांगून पाहणारा अजून भेटायचा आहे, म्हणजे व्यवहारतः अचल. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग असलेल्या कोणत्याही संघाच्या तालमीत पुढील संवाद घडू शकतो.

‘काय बे, तिसरा अंक बसला का?’

‘बसायलाय की.’

‘कवा?’

‘पडदा उघडायच्या आदी बसतंय बघ.’

यात उत्साह किती आणि शांती किती, हे वेगळे काढून दाखवणे आम्हांला जमलेले नाही. हीच ती इष्ट अवस्था, असे आमचे मत आहे.

आता साधनविचार, जो खरे तर उपप्रबंधाचा विषय. चहावादी पंथ मोठा आहे, पण त्याचे शास्त्र कच्चे. कॅफीनचा अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊला चहा घेऊन जो दोन वाजता झोपला, त्याचा अर्धा कप अजून जागाच असतो. निद्रावाद्यांकडे सोलापुरी चादर हे बलवत्तर साधन आहे. ती दोन्ही बाजूंनी वापरता येत असल्यामुळे मुदत टळल्यावर उलटी करून पांघरता येते. शेंगावादी या दोघांना पुरून उरतात. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटले की जी चटणी होते तिच्यात दाण्यांची प्रथिने असतात, उष्मांक असतात आणि संपादकाबद्दलचा राग कुटण्यातच निघून गेलेला असतो. मात्र ती स्वतः कुटावी. विकत आणलेल्या चटणीत दुसऱ्याचा राग असतो. सोबत ज्वारीची कडक भाकरी घ्यावी. ती आठवडेच्या आठवडे टिकते, स्वयंपाकासाठी उठावे लागत नाही, आणि तिचा तुकडा तोंडात असताना फोनवर बोलता येत नाही. हा शेवटचा गुण आहारशास्त्राच्या ग्रंथांनी अन्यायाने दुर्लक्षिला आहे.

व्यत्ययाचा विचार केल्याशिवाय साधनविचार पुरा होत नाही. उजनी धरणाहून येणारे पाणी सोलापुरात नळाला रोज येत नाही, आणि येते तेव्हा लेखकाची समाधी पाहून येत नाही. ‘पाणी आलं!’ अशी आरोळी उठते, वाक्य अर्धे टाकून उठावे लागते, बॅरल भरावे लागते. नवख्या लेखकाला ही आपत्ती वाटते. पण ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ साली दाखवले की अर्धवट राहिलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहते. म्हणून वाक्य क्रियापदाआधी सोडून उठावे. बादल्या उचलताना अंगात रक्त फिरते, क्रियापद सापडते, आणि भरलेले बॅरल पाहून जी शांती मिळते ती कोणत्याही ध्यानशिबिरात मिळणार नाही. पूर्णविराम देऊन उठणाऱ्याला पाणी तेवढे मिळते.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल: मुदतवाढ न मिळाल्यास लेख वाईट होईल. होईल. पण तो वाढ मिळूनही वाईटच होतो, फक्त उशिरा. दिवाळी अंकांच्या समस्त संपादकांना म्हणून नम्र विनंती की लेखाची तारीख गुढीपाडव्यालाच कळवावी, ती इंग्रजी महिन्यात न देता तिथीत द्यावी, एकदा दिल्यावर ‘चालेल’ म्हणू नये, आणि फोन करायचाच झाला तर जेवणाची वेळ टाळावी.